मालवाहू विमानांच्या आठवणी : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक रोड, देवळाली कॅम्प, ओझर, सिन्नर, निफाड या पट्ट्यात हवाईदलातून आणि लष्करातून निवृत्त झालेल्या माणसांची घरं खूप आहेत. त्यांच्या मालवाहू विमानांच्या आठवणी आम्ही काही जण नोंदवून घेतो. त्या निमित्ताने मुलं-नातवंडं, सुना, शेजारी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

नाशिक म्हटलं की मिग आणि सुखोई. मग मालवाहू विमानं मध्येच कुठून आली?

ओझरची ओळख लढाऊ विमानांची आहे, त्यात वाद नाही. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) मिगचा कारखाना ओझरला उभा राहिला. विमानाचा सांगाडा इथे, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी ती वाटणी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच ओझरहून तेजस मार्क १ए उडालं.

पण लढाऊ विमानात एक किंवा दोन माणसं बसतात. मालवाहू विमानाच्या पोटात अख्खी तुकडी बसते. देवळालीत तोफखान्याचं शिक्षण घेतलेला जवान लेहला पोचला तो बहुतेक वेळा चंदीगडहून मालवाहू विमानाने. हवाईदलातले फिटर, इलेक्ट्रिशियन, सिग्नलर, स्टोअरवाले यांच्या बदल्या, सुट्ट्या, घरची पत्रं, आजारी माणसाची हलवाहलव, सगळं याच विमानांवर. त्यामुळे इथल्या निवृत्तांना विमानाबद्दल विचारलं की मिगपेक्षा पॅकेट आणि ‘एएन-बारा’ (एएन-१२) या जुन्या मालवाहू विमानांची गोष्टच आधी निघते. ती कुणी विचारत नाही, एवढंच.

ओझरला मालवाहू विमानं कधी बनली का?

नाही. एचएएलचं मालवाहू-प्रवासी विमानाचं केंद्र कानपूर. अ‍ॅव्रो (एचएस ७४८) तिथे तयार झालं आणि पहिलं १९६१ मध्ये उडालं. डॉर्नियरही तिथलंच. नवं सी-२९५ बडोद्याला टाटांच्या कारखान्यात होतं आहे.

कोणत्या काळात कोणतं विमान होतं? आजोबा फक्त ‘मोठं विमान’ म्हणतात.

नोकरीची साल माहीत असली तर अंदाज बांधता येतो. १९४७-४८ ला डाकोटा, म्हणजे दोन इंजिनांचं, शेपूट जमिनीला टेकलेलं विमान. १९५४ पासून त्याच्या जोडीला अमेरिकी फेअरचाइल्ड पॅकेट. १९६१ पासून रशियन एएन-१२. बासष्टच्या युद्धानंतर आखूड धावपट्टीसाठी कॅनडाचं कॅरिबू. डाकोटा आणि पॅकेट ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली. याच दशकात १९८४ पासून एएन-३२ आणि १९८५ पासून आयएल-७६ आली. हवाईदलाने आयएल-७६ ला ‘गजराज’ नाव दिलं. २०११ मध्ये सी-१३०जे आणि २०१३ मध्ये सी-१७ दाखल झालं.

‘मोठं’ या शब्दावर मात्र विसंबू नका. साठ साली भरती झालेल्या माणसाला पॅकेट मोठं वाटायचं. डाकोटा पावणेतीन टनांच्या आसपास माल उचलायची, एएन-१२ वीस टन, आणि आजचं सी-१७ सत्तर टनांच्या वर. आजोबांना इंजिनं किती होती ते विचारा. चार पंखे म्हणाले की एएन-१२ असण्याची शक्यता दाट.

आमचे पणजोबा २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरले असं घरात सांगतात. हे पडताळता येईल का?

त्या दिवशी पहाटे दिल्लीहून १ शीख पलटणीचे जवान डाकोटांनी निघाले. लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्यांचे प्रमुख होते. त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला ते धारातीर्थी पडले. हवाईदलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर खाजगी कंपन्यांच्या डाकोटाही या कामाला जुंपल्या होत्या, आणि पुढे कित्येक दिवस फेऱ्या चालूच राहिल्या. म्हणून ‘पहिल्या दिवशी’ म्हणणाऱ्यांची संख्या आज त्या दिवशीच्या आसनांपेक्षा जास्त भरते. खोटं कुणी बोलत नसतं. दहाव्या दिवशी उतरलेल्या माणसासाठी तो त्याचा पहिलाच दिवस होता.

पडताळायचं असेल तर तारखेऐवजी पलटण धरा. पणजोबांची पलटण कोणती आणि ती श्रीनगरला केव्हा गेली, हे सापडलं की बाकीचं आपोआप लागतं. हवाईदल तेव्हा ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ होतं. जुन्या कागदावर आरआयएएफ दिसलं तर गोंधळू नका.

डाकोटा लेहला उतरली ती कशी?

२४ मे १९४८. एअर कमोडोर मेहर सिंग स्वतः चालवत होते आणि शेजारी मेजर जनरल थिमय्या होते. धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने स्थानिक मजुरांकडून तयार करून घेतली होती. उंची साडेदहा हजार फुटांच्या वर. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखायची सोय नाही, वाटेतली शिखरं तिच्याहून उंच आणि त्या मार्गाचा धड नकाशाही हाती नाही. त्याआधी डिसेंबर १९४७ मध्ये याच मेहर सिंगांनी वेढा पडलेल्या पूंछमध्ये डाकोटा उतरवली होती; पुढे तिथे तोफा नेल्या आणि येताना निर्वासित आणले. मालवाहू वैमानिक काय करू शकतो याची वरची रेघ हवाईदलात त्या हिवाळ्यात आखली गेली, असं माझं मत आहे. नंतरचे सगळे त्या रेघेकडे बघूनच उडाले.

माल आत कसा भरायचे? त्यात एवढं अवघड काय?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

डाकोटाचं शेपूट खाली असल्यामुळे आतली जमीन चढाची. पोतं दारातून आत घेतलं की ते नाकाकडे वर ढकलत न्यायचं. शिवाय दार बाजूला, म्हणजे लांब वस्तू वळवून घ्यायची. पॅकेटने हे बदललं: दोन शेपट्यांच्या मध्ये विमानाचा मागचा भाग दारासारखा उघडायचा, जमीन सपाट आणि ट्रकच्या उंचीची. माल टाकायची फेरी असली की मागची दारं काढूनच ठेवायचे. मग आतल्या माणसांना पाठीमागे अख्खं आभाळ दिसायचं आणि थंडी हाडात शिरायची. एएन-१२ ची मागची दारं आतल्या बाजूला उघडायची, त्यांचा उतार होत नसे. गाडी चढवायला वेगळा रॅम्प आणून लावावा लागे. एएन-३२ आणि आयएल-७६ ला विमानाचाच रॅम्प आला आणि हा त्रास संपला.

पण खरी गोम वजनाच्या जागेत आहे. विमान एका ठरावीक मर्यादेतच पुढे-मागे जड चालतं. शेपटीकडे माल जास्त झाला तर उड्डाणाच्या वेळी नाक वर जातं आणि खाली येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीला लोड अँड ट्रिम शीट भरायची: कुठल्या खणात किती किलो, एकूण भार कुठे पडतो, इंधन जळेल तसा तो कुठे सरकेल. वजनं कागदावरची आणि खरी यांच्यात फरक असायचा. पावसात भिजलेली पोती, बर्फाचे बूट घातलेले जवान, प्रत्येकाच्या पिशवीत घरचं काहीबाही. अनुभवी लोडमास्टर (विमानातला माल भरण्याची आणि बांधण्याची जबाबदारी असलेला माणूस) आकड्यावर थोडी भर घालूनच हिशेब करायचा.

मग बांधणं. साखळ्या, पट्टे, जाळी, जमिनीतल्या कड्या. पुढे, मागे, बाजूला आणि वर, चारी दिशांना माल हलता कामा नये. हे सगळं फाजील काळजीचं वाटत असेल तर २९ एप्रिल २०१३ ची बगरामची घटना बघा: नागरी मालवाहू ७४७ मध्ये चिलखती लष्करी गाड्या नीट बांधल्या नव्हत्या, उड्डाण होताच एक गाडी मागे सरकली, विमान तिथेच कोसळलं आणि आतले सातही जण गेले. त्याची चित्रफीत पाहून आमच्याकडचे एक निवृत्त लोडमास्टर काका बराच वेळ फक्त कड्या मोजण्याबद्दल बोलत राहिले.

या कामाला पदकं फारशी नाहीत. वैमानिकाचं नाव बातमीत येतं, माल बांधणाऱ्याचं येत नाही. तुमच्या घरात असा माणूस असेल तर आधी त्यांच्याकडे जा.

वरून पोती टाकायचे म्हणतात. फुटायची नाहीत का?

फुटायचीच. म्हणून धान्य आणि पीठ दुहेरी पोत्यात भरायचे: आतलं पोतं सैल, बाहेर दुसरं मोठं. आतलं फुटलं तरी दाणे बाहेरच्या पोत्यात राहायचे. याला ‘फ्री ड्रॉप’. रॉकेल, औषधं, दारूगोळा असं नाजूक किंवा धोक्याचं सामान पॅराशूटने. भरणं, बांधणं, दारातून ढकलणं हे काम लष्कराच्या सर्व्हिस कोअरचे जवान करायचे, म्हणजे विमान हवाईदलाचं आणि ढकलणारे हात लष्कराचे. देवळालीकडच्या काही माणसांना आपण हवाईदलात नसताना एवढ्या फेऱ्या कशा केल्या हे नातवंडांना समजावता येत नाही, त्याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

दरीत वळायचं, खुणेचं कापड दिसलं की घंटा, दोन-चार सेकंदांत जेवढं जाईल तेवढं बाहेर, पुन्हा चक्कर. चुकलं तर पोतं नाल्यात, आणि खालच्या चौकीचा आठवड्याचा शिधा गेला. पॅराशूटचं कापड मात्र कुणी वाया जाऊ दिलं नाही. ते खरं तर परत करायचं असे. ते किती परत आलं, हा प्रश्न इथे नको.

लेहच्या फेऱ्या भल्या पहाटेच का?

हवा थंड असली की दाट असते, पंखांना आणि इंजिनाला तीच लागते. ऊन चढलं की साडेदहा हजार फुटांवरची आधीच विरळ हवा आणखी विरळ होते. तेवढीच धावपट्टी, तेवढंच इंजिन, पण उचलता येणारं वजन कमी. दुपारी खोऱ्यात वाराही उठतो. त्यातून लेहला एका बाजूने उतरायचं आणि उलट बाजूने उडायचं, कारण दुसरीकडे डोंगर. म्हणून चंदीगडला अंधारात माल भरायचा, उजाडताना उडायचं, लेहला इंजिन चालू ठेवूनच माल उतरवायचा आणि माघारी. ज्यांचा अर्धा जन्म असा गेला ती माणसं निवृत्तीनंतरही तीन वाजता उठतात. घरच्यांची यावर तक्रार असते, पण ती इथे सुटणारी नाही.

एएन-१२ मध्ये बसलेल्यांना डोकं दुखल्याचंच का आठवतं?

चालकांच्या भागात हवेचा दाब राखलेला असे, मागच्या मालाच्या भागात नसे. जवान मागे. चंदीगडहून तासाभरात हिमालयाच्या वरची हवा आणि उतरल्यावर पुन्हा लेहची. डोकं दुखणं, उलटी, कानात दडे हे सर्रास. एएन-३२ मध्ये मालाच्या भागातही दाब राखता येऊ लागला.

विमानातून रणगाडा नेला, ही अतिशयोक्ती ना?

नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ ने एएमएक्स-१३ जातीचे हलके रणगाडे लडाखमधल्या चुशूलला उतरवले. प्रत्येकाचं वजन पंधरा टनांच्या घरात, म्हणजे तेवढ्या उंचीवर विमानाच्या कुवतीच्या काठावर, आणि उतरायचं चौदा हजार फुटांहून उंच मैदानात.

त्याच वर्षी २३ जुलैला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची १६,६१४ फूट. दोन पिस्टन इंजिनांवर हे जमेना म्हणून पॅकेटच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलेलं असे. एचएएलने बंगळूरला त्यासाठी ऑर्फियस वापरलं, जे नॅट लढाऊ विमानात होतं तेच. त्या धावपट्टीवर काही वर्षं पॅकेट उतरत राहिली; त्यानंतर चार दशकं हेलिकॉप्टर सोडून दुसरं विमान उतरलं नाही. ३१ मे २००८ ला एएन-३२ उतरलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे. २०१३ च्या बातम्या सगळ्यांना आठवतात. राजे हे नाव आपल्याकडे तरी जास्त माहीत असायला हवं होतं.

काका म्हणतात त्यांनी मालवाहू विमानातून बॉम्ब टाकले. शक्य आहे?

शक्य आहे. काश्मीरच्या पहिल्या युद्धात डाकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलले गेले. १९७१ मध्ये ४४ स्क्वाड्रनच्या एएन-१२ नी रात्री मागच्या दारातून बॉम्ब टाकले. लाहोरजवळच्या छांगा मांगा जंगलातला दारूगोळ्याचा साठा हे त्यातलं गाजलेलं लक्ष्य. विंग कमांडर व्ही. बी. वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. काका ४४ मध्ये होते का एवढंच विचारा.

टांगाईल?

११ डिसेंबर १९७१. आजच्या बांगलादेशात २ पॅराचे जवान पॅराशूटने उतरले आणि पूंगली पूल ताब्यात घेतला. एएन-१२, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू, म्हणजे तोवरच्या सगळ्या पिढ्या त्या दुपारी एकत्र उडाल्या. यावर लिहिलेलं भरपूर आहे.

हरवलेल्या विमानांबद्दल घरात विचारायला संकोच वाटतो.

वाटणारच. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२, क्रमांक बीएल-५३४, खराब हवेमुळे माघारी फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला नाहीसं झालं. आत १०२ जण होते. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, गिर्यारोहकांना हिमनदीत अवशेष दिसले. त्यानंतर शोध होत राहिले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले. छपन्न वर्षांनी कुणाच्या तरी घरी निरोप गेला. २२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-३२ मध्ये २९ जण होते. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये समुद्रात ३,४०० मीटर खोल दिसले.

आपल्या भागातले बरेच जण त्या काळात त्याच मार्गावर होते. कुणी आदल्या दिवशी गेलं, कुणाची जागा दुसऱ्याला दिली गेली. हे विचारून काढू नका. नोंद करताना आम्ही फक्त ‘त्या वर्षी तुम्ही कुठे होतात’ असं विचारतो आणि थांबतो. सांगायचं असेल ते येतं. नाही आलं तर चहा घेऊन उठायचं.

जुन्या फोटोतलं विमान कसं ओळखायचं?

आधी शेपूट बघा. दोन शेपट्या म्हणजे पॅकेट. शेपूट जमिनीला टेकलेलं म्हणजे डाकोटा. चार पंखे, काचेचं नाक आणि शेपटीत बंदूकवाल्याची खोली म्हणजे एएन-१२. पंख विमानाच्या वर आणि इंजिनं त्या पंखांच्याही वर चढवलेली म्हणजे एएन-३२. धावपट्टीवरचे खडे पंख्याला लागू नयेत आणि पंखा मोठा घेता यावा म्हणून ती उंच आहेत. पंख खाली असतील तर ते अ‍ॅव्रो.

क्रमांक वाचता आला तर काम झालंच. व्हीपी डाकोटावर, आयके पॅकेटवर, बीएल एएन-१२ वर, नुसता के एएन-३२ किंवा आयएल-७६ वर. फोटो अल्बममधून उचकटू नका, मागे स्टुडिओचा शिक्का असतो तो फाटतो. अल्बमसकट मोबाइलवर काढा.

नोकरीची नोंद कुठे मिळेल?

घरातच बघा आधी. हवाई सैनिकाचं डिस्चार्ज बुक, विमानातल्या कर्मचाऱ्याचं लॉगबुक, पेन्शनचा कागद. लॉगबुकात तारीख, विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती वेळ, सगळं असतं. आठवणीतली तारीख आणि लॉगबुकातली तारीख वेगळी निघाली तर दोन्ही लिहून ठेवा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगाने वाचा. पदक ब्रासोने चमकवू नका, अक्षरं झिजतात.

जुनी पत्रंही उपयोगी पडतात. पत्त्यात ‘५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर साधारण पश्चिम-उत्तरेकडची नेमणूक, ‘९९ एपीओ’ असेल तर पूर्वेकडची. ही पत्रं बहुधा आजीच्या पेटीत असतात आणि आजी ती दाखवेलच असं नाही. तिने नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा. पण तिची स्वतःची आठवण मात्र नोंदवा: तार आली की काय वाटायचं, सुट्टीवरून येताना कुणी लेहचे जर्दाळू आणले.

तोफखान्यातल्या माणसाचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पमध्येच आहे, हे आपलं नशीब. हवाई सैनिकांचं दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगतात. वारसाचा पुरावा आणि सेवा क्रमांक बरोबर न्या, नाहीतर हेलपाटा होतो.

हे सगळं सांगितलं तर गोपनीयतेचा भंग होईल का?

पन्नास वर्षांपूर्वी बटाटे कसे बांधले यात गुपित नाही. पण १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. आजची ठाणी, धावपट्ट्या, कोण कुठे तैनात आहे, उपकरणांची कुवत, हे आम्ही विचारत नाही आणि कुणी ओघात बोललं तर नोंदीतून काढतो. नातू आज नोकरीत असेल तर त्याच्याविषयी काहीच नको. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करून राष्ट्रीय अभिलेखागारात देण्याचं धोरण जाहीर केलं, पण ते कागदांसाठी आहे. त्याचा अर्थ ‘आता सगळं बोलायला मोकळे’ असा होत नाही.

बाबा विचारलं की ‘काही विशेष नाही’ म्हणतात. काय विचारावं?

‘तुमचे अनुभव सांगा’ असं विचारलं की सगळेच असं म्हणतात. पोतं किती किलोचं होतं, हातमोजे मिळायचे का, विमानात चहा कशात न्यायचे, बोकड विमानात चढवताना काय व्हायचं (लडाखला ताजं मटण जिवंतच जायचं), मागच्या दाराशी उभं राहताना कमरेला काय बांधायचे, असं विचारा. हात हलायला लागतात, मग गोष्ट सुरू होते. ऐकू कमी येणं ही पॅकेट आणि एएन-१२ वाल्यांची नेहमीची देणगी, तेव्हा शेजारी बसा, पंखा बंद करा आणि एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणू नका. मिलिटरीतला मित्र सोबत असेल तर दोघांना एकत्र बसवा. ते एकमेकांना दुरुस्त करतात आणि भांडतातही. रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

ही विमानं आता कुठे बघायला मिळतील?

दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात डाकोटा आणि पॅकेट आहेत. उडणारी डाकोटा बघायची असेल तर ‘परशुराम’: राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करून २०१८ मध्ये हवाईदलाला दिलेली, तिच्यावर श्रीनगरच्या पहिल्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवला आहे. हवाईदलाच्या सोहळ्यांत ती दिसते.

एएन-३२ बघायला संग्रहालयात जायची गरज नाही, ते अजून नोकरीत आहे. २००९ च्या करारानंतर त्यातली काही विमानं कीव्हमध्ये आणि बाकीची कानपूरच्या १ बीआरडीमध्ये (हवाईदलाचा दुरुस्ती डेपो) नव्याने सज्ज करायचं ठरलं. अ‍ॅव्रोच्या जागी मात्र ५६ सी-२९५ घ्यायची ठरली. १६ स्पेनहून आणि ४० बडोद्यात बांधलेली. पहिलं सप्टेंबर २०२३ मध्ये आलं.